बदनाम बिल्डिंगचे प्रश्न

या वेळची पत्रं बेळगावच्या वेगवेगळ्या भागांतून आली आहेत, पण बहुतेकांची सुरुवात एकच: ‘आमचं अपार्टमेंट बदनाम आहे.’ कुठे भुतामुळे, कुठे लिफ्टमुळे, कुठे वासामुळे. आमची सवय अशी की माणसांकडे बोट दाखवण्याआधी पाइप बघायचा.

प्रश्न : आमचं अपार्टमेंट तळमजला धरून अकरा मजली. रात्री भिंतीतून ‘धाड’ असा आवाज येतो, लाइट गेली की हमखास. आठव्या मजल्यावरच्या कुलूपबंद फ्लॅटमधून गोट्या घरंगळल्यासारखं ऐकू येतं. रिक्षावाले सरळ ‘भुताचं अपार्टमेंट काय?’ म्हणून विचारतात. फ्लॅट बघायला येणारी गिऱ्हाइकं परत येत नाहीत. काही जण म्हणतात शांत करून घेऊया. (वाचक, अनगोळ)

उत्तर : शांत खुशाल करा, पण त्याआधी पंपाजवळचा नॉन-रिटर्न वाल्व्ह, म्हणजे पाणी वर जाऊ देणारा पण उलटं येऊ न देणारा वाल्व्ह, उघडून बघा.

पंप चालू असताना तळातल्या संपापासून (जमिनीखालच्या टाकीपासून) गच्चीवरच्या टाकीपर्यंत सुमारे ४० मीटर उंच पाण्याचा खांब वर चढत असतो. दोन इंची पाइप धरला तर हे जवळपास ८० लिटर पाणी झालं. लाइट गेली की पंप बसतो, पाणी जरासं वर रेटतं आणि मग उलटं फिरतं. ते फिरण्याआधी वाल्व्हची झडप मिटायला हवी. झडपेची बिजागरी गंजली असेल किंवा गाळ बसला असेल तर ती उशिरा मिटते, आणि खाली येणारं पाणी तिच्यावर आदळतं. लोखंडी पाइप तो दणका प्रत्येक मजल्यापर्यंत पोचवतो. अंधार आणि दणका एकाच क्षणी. भुताला आणखी काय लागतं?

खात्री भर दुपारी करा. एकाला पंपाजवळ उभं करा, दुसऱ्याला चौथ्या मजल्यावर, तिसऱ्याला नवव्यावर. टाकी अर्धी भरली की पंपाचा स्विच एकदम बंद करा. तोच ‘धाड’ तिघांना ऐकू आला तर निदान झालं. मग पंपाच्या बाहेर जाणाऱ्या पाइपावरचा गेट वाल्व्ह पंधरा-वीस सेकंदांत हळूहळू बंद करून त्यानंतर स्विच बंद करा. या खेपेला आवाज येणार नाही. पण वॉचमनने रोज हेच करावं हा इलाज नव्हे, कारण लाइट काही त्याला विचारून जात नाही. लटकत्या झडपेचा वाल्व्ह काढून स्प्रिंगचा बसवा. त्यात पाणी उलटं फिरायच्या आतच स्प्रिंग झडप मिटवते. डक्टमध्ये, म्हणजे पाइप जातात त्या उभ्या पोकळीत, उभ्या पाइपाचे क्लॅम्पही तपासा. दर दोन-तीन मीटरवर एक हवा आणि क्लॅम्प व पाइपाच्या मध्ये रबर हवं. एवढं करूनही दणका राहिला तरच एअर व्हेसलचा, म्हणजे दणका झेलणाऱ्या हवेच्या टाकीचा, खर्च करा.

गोट्यांचं प्रकरण निराळं. बंद फ्लॅटमधल्या फ्लशच्या टाकीचा बॉलकॉक गळत असेल तर पाणी थेंबथेंब जातं आणि बॉलकॉक सारखा उघडमीट करत थरथरतो. दिवसा गोंगाटात कळत नाही, रात्री स्लॅबमधून टकटक उतरते. त्या फ्लॅटला जाणाऱ्या पाण्याचा वाल्व्ह एक रात्र बंद ठेवा. गोट्या थांबल्या तर मालकाला बॉलकॉक बदलायला सांगा. नाही थांबल्या तर त्याच्या वरच्या आणि शेजारच्या फ्लॅटवर तोच प्रयोग करा. आवाज नेमका कुठल्या खोलीतून येतो हे कानावरून ठरवायला जाऊ नका, काँक्रीट त्यात हमखास फसवतं.

प्रश्न : दहाव्या मजल्यावर शॉवरला धार नाही, पहिल्या मजल्यावर नळाचे वायसर महिन्याला फाटतात. दोघं एकमेकांवर संशय घेतात. (वाचक, हिंदवाडी)

उत्तर : दोघांचंही खरं आहे. पाण्याच्या दर १० मीटर उंचीला साधारण एक किलोचं (दर चौरस सेंटिमीटरवर) प्रेशर येतं. टाकी दहाव्या मजल्याच्या जेमतेम तीन मीटर वर, म्हणजे तिथे ०.३ किलो. पहिल्या मजल्यावर तेच तीन किलोच्या आसपास. वरच्या दोन मजल्यांसाठी गच्चीवर वेगळी लाइन काढून छोटा प्रेशर पंप बसवा. खालच्या चार मजल्यांच्या लाइनवर प्रेशर कमी करणारा वाल्व्ह घाला आणि तो दोन किलोवर लावा. त्याच्या आधी जाळीचा फिल्टर हवाच, नाहीतर टाकीतला गाळ सहा महिन्यांत त्याला बसवतो. टाकी किती असावी हेही विचारलंय. माणशी रोज १३५ लिटर धरा. ३२ फ्लॅट आणि १४४ माणसं म्हणजे १९,४४० लिटर. पण पाणी दिवसांआड येणाऱ्या भागात खालचा संप त्याच्या कितीतरी पट लागतो, आणि आगीसाठी राखलेलं पाणी या हिशेबात धरायचं नसतं.

प्रश्न : लिफ्ट सारखी अडकते. वीजही वाचेल म्हणून कमिटीने ठरवलंय की लिफ्ट एक सोडून एक मजल्यावरच थांबवायची. योग्य आहे का? (वाचक, टिळकवाडी)

उत्तर : अजिबात नाही. अमेरिकेत सेंट लुइस शहरात प्रुइट-आयगो नावाची ३३ इमारतींची वसाहत होती, प्रत्येक इमारत अकरा मजली. १९५४ मध्ये लोक राहायला आले. तिथल्या लिफ्ट पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावरच थांबत. बाकीच्यांनी जिना चढायचा-उतरायचा. त्या जिन्यांत लुटालूट सुरू झाली, दिवे फुटले, बायका एकट्या जायच्या बंद झाल्या. वसाहत बुडाली ती केवळ लिफ्टमुळे नव्हे, देखभालीला पैसा नव्हता हे मोठं कारण. पण जिने ओस आणि धोक्याचे झाले ते या थांब्यांमुळे. १९७२ मध्ये इमारती पाडायला सुरुवात झाली.

वाचणारी वीजही किरकोळ. लिफ्टच्या दुसऱ्या टोकाला लटकणारं वजन हे केबिन आणि तिच्या क्षमतेच्या जवळपास निम्म्या भाराइतकं असतं, मोटारीला उरतो तो फक्त फरक. वीज जाते ती चोवीस तास चालणाऱ्या केबिनमधल्या पंख्यात आणि दिव्यात. ते आपोआप बंद होतील असं करून घ्या. जिन्याचंही बघा. दर मजल्याला ९ वॅटचे दोन एलईडी, अकरा मजले, रात्रीचे बारा तास, म्हणजे महिन्याला सत्तरेक युनिट. सेन्सर लावून यातली बरीच वाचतील. मात्र प्रत्येक मजल्यावरचा एक दिवा रात्रभर राहू द्या.

आता अडकण्याबद्दल. लिफ्ट बहुधा दारापाशीच आजारी पडते. उंबऱ्याच्या खाचेत वाळू, खडीचा कण, अगरबत्तीची काडी बसते, दार पूर्ण मिटत नाही आणि लिफ्ट हलत नाही. खाच रोज कोरड्या ब्रशने साफ करायची, फरशी धुताना तिच्यात पाणी सोडायचं नाही. सेन्सरची काच कोरड्या फडक्याने पुसायची. दुसरं ठिकाण तळाचा खड्डा. आपल्याकडे जूनपासून पाणी झिरपतं आणि तिथल्या स्विचेसना ओल लागते. खड्डा मेकॅनिकनेच उघडावा, वॉचमनला उतरवू नका. तिसरं, लाइट गेल्यावर लिफ्टला जवळच्या मजल्यावर आणणाऱ्या यंत्राची बॅटरी. दोन-तीन वर्षांत ती संपते आणि कुणाला पत्ता नसतो. मेकॅनिक येईल तेव्हा रिकामी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये असताना मेन बंद करायला लावा. ती मजल्यावर येऊन दार उघडलं तरच कागदावर सही करायची. आणि आठ माणसांची लिफ्ट म्हणजे ५४४ किलो, माणशी ६८. तांदळाची पोती याच हिशेबात मोजायची.

माणूस अडकला तर दार पहारीने उचकटायचं नाही. केबिनला हवेसाठी भोकं असतात, आत कुणी गुदमरत नाही. आधी मेन बंद, मग आतल्याशी बोलत राहणं, मग मेकॅनिक. मेन बंद न करता दार उघडलं आणि तेवढ्यात लाइट आली तर काय होईल ते लिहायला नको.

प्रश्न : किचनच्या खिडकीतून लोक डक्टमध्ये कचरा टाकतात. वासामुळे पाहुणे नाक धरून येतात. (वाचक, शहापूर)

उत्तर : जोहान्सबर्गमधला पोंटे टॉवर १९७५ चा, ५४ मजली आणि मधून नळीसारखा पोकळ. पडत्या काळात त्या पोकळीत कचरा कित्येक मजल्यांच्या उंचीपर्यंत साचला होता. तो उपसला, आणि आज तिथे पुन्हा लोक राहतात. तुमचा डक्ट त्यापुढे लहान.

आधी तळाचं दार मोकळं करा. बऱ्याच ठिकाणी त्याच्यासमोर कुणीतरी स्कूटर लावून ठेवलेली असते. उपसताना वरून काही पडू नये म्हणून पहिल्या मजल्याच्या पातळीला जाळी बांधा, सगळ्यांना वेळ कळवा, उतरणाऱ्याला हेल्मेट आणि हातमोजे द्या. मग बघा, वास कचऱ्याचाच आहे की फुटलेल्या सांडपाण्याच्या पाइपाचा. अनेकदा दोन्ही. साफ झाल्यावर तळाला पांढरा रंग मारा आणि एक दिवा लावून ठेवा. अंधाऱ्या खड्ड्यात टाकायला कुणाला काही वाटत नाही, पांढऱ्या फरशीवर कांद्याची सालं पडली की कुणाच्या खिडकीतून ती लगेच दिसतं. खिडक्यांना जाळी बसवायची ती बिजागरीची, म्हणजे प्लंबरला हात घालता येईल.

प्रश्न : सहा जण मेंटेनन्स देत नाहीत. पुण्याच्या एका नातेवाइकाने सोसायटीचे नियम पाठवलेत, ते लावता येतील का? (वाचक, सदाशिवनगर)

उत्तर : ते नियम महाराष्ट्रातल्या सहकारी सोसायट्यांचे. आपण कर्नाटकात, इथे कर्नाटक अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७२ बघायचा. तुमच्या अपार्टमेंटचं डीड ऑफ डिक्लरेशन सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलं आहे का ते आधी शोधा. त्यात प्रत्येक फ्लॅटचा सामायिक जागेतला टक्का असतो आणि खर्च त्या टक्क्याने वाटायचा असतो. ‘सगळ्यांना सारखेच’ हा घोळ इथूनच सुरू होतो. थकलेली रक्कम त्या फ्लॅटवर बोजा ठरते, म्हणून दर तीन महिन्यांनी लेखी नोटीस द्या, पोच घ्या, हिशेब बोर्डावर लावा. फ्लॅट विकायला निघाला की तो कागद कामाला येतो. पाणी तोडण्याच्या भानगडीत पडू नका, उलट तुमचीच बाजू लंगडी होते. आणि एक विचारून बघा: न देणाऱ्या सहांपैकी कितीजण वरच्या मजल्यांवर धार नसलेले आहेत?

प्रश्न : बोर्डावर नोटीस मराठीत लावली की काहीजण फाडतात, कन्नडमध्ये लावली की दुसरे. (वाचक, वडगाव)

उत्तर : एकाच कागदावर तीन रकाने करा: कन्नड, मराठी, इंग्रजी. एक फाडायचा तर तिन्ही फाटतात, मग हात आखडतो. ‘नीरु इल्ला’ (पाणी नाही) कुठल्या बेळगावकराला कळत नाही? पण आकड्यांचं मात्र जपा. कन्नड अंक आणि आपले अंक वेगळे, पाण्याच्या वेळेत घोटाळा होतो. वेळ, तारीख, रक्कम तिन्ही रकान्यांत इंग्रजी आकड्यांतच लिहा. लिफ्टमध्ये लावायचा मेकॅनिकचा फोन नंबरही तसाच, तीन बोटं उंच, आणि चश्मा नसलेल्या आजीला दिसेल अशा काळ्या रंगात.