सैन्य नेमकं कुठे आहे, ते कसं शोधायचं

कादंबरीतलं सैन्य एखाद्या दिवशी कुठे आहे ते शोधताना नकाशा आधी उघडू नका, आधी तारीख पक्की करा. टोल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधले रोहान या राज्याचे घोडेस्वार घ्या; ते वेढा पडलेल्या मिनास तिरिथ शहराच्या मदतीला जातात. १० मार्चला सूर्य उगवलाच नाही. तो अंधार रोहानमध्येही दिसतो आणि मिनास तिरिथमध्येही, त्यामुळे वेगवेगळ्या प्रकरणांचे धागे तिथे जुळतात. त्याच दिवशी सैन्य निघतं आणि १५ तारखेला पहाटे कोंबडा आरवताना मिनास तिरिथमध्ये त्याची शिंगं ऐकू येतात.

रोहानची राजधानी एडोरास ते मिनास तिरिथ १०२ लीग (अंतराचं जुनं माप), म्हणजे साधारण ४९० किलोमीटर. सरळ पाच दिवसांनी भागलंत तर फसाल. चौथ्या रात्रीच ते एलेनाख टेकडीच्या पायथ्याशी, पाइनच्या जंगलात तळ ठोकून आहेत; पुढचा रस्ता शत्रूने अडवलाय. १४ तारखेचा दिवस रानातल्या लोकांनी दाखवलेल्या जुन्या, विसरलेल्या वाटेने जातो. हा भाग सावकाश वाचा, फार सुंदर आहे!

अंतर, वेग, अडथळा, या क्रमाने चला. पात्रांच्या अंदाजापेक्षा पुस्तकाच्या परिशिष्टातल्या तारखांवर भरवसा ठेवा. आणि नकाशावर टिंब न काढता छोटं वर्तुळ काढा: सहा हजार स्वार एका टिंबात मावत नाहीत.