वाचकांचे प्रश्न: सायप्रसची गोल घरं चौकोनी कुणी केली?

प्रश्न : सायप्रस बेटावर हजारो वर्षं लोक गोल घरांत राहात होते आणि साधारण इ.स.पू. २४०० च्या आसपास अचानक चौकोनी घरं आली असं वाचलं. एका ठिकाणी म्हटलंय तुर्कस्तानकडून लोक आले, दुसरीकडे म्हटलंय कुणी आलं-बिलं नाही, बेटावरचेच लोक बदलले. खरं काय धरायचं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : प्रश्न झकास आहे, पण यावर तज्ज्ञांचंच अजून भांडण मिटलेलं नाही. मी कुठल्या बाजूला आहे ते सांगतो, पण आधी नेमकं काय बदललं ते बघू, कारण नुसती घरंच बदलली असती तर एवढा वाद झालाच नसता.

आधीचा काळ म्हणजे इ.स.पू. ४००० ते २४००. लेंबा, किसोनेर्गा, एरिमी ही बेटाच्या नैर्ऋत्येची आणि दक्षिणेची गावं. घरं गोल, मधोमध चूल, शेती होती पण हरणाची शिकारही जोरात, आणि मेलेल्यांना बहुतेक वेळा घरांच्या आसपासच खड्डा करून पुरायचे (सुस्किऊला मात्र वस्तीबाहेर वेगळं दफनस्थान आहे, म्हणजे सरसकट नियम नको). हिरवट पिक्रोलाइट दगडाच्या, हात पसरलेल्या छोट्या मूर्ती गळ्यात घालायचे. सायप्रसचं एक किंवा दोन युरोचं नाणं कधी हातात आलं तर बघा, त्यावर पोमोसला सापडलेली अशीच मूर्ती आहे, आणि गंमत म्हणजे त्या मूर्तीच्या गळ्यातसुद्धा तशीच एक बारकी मूर्ती आहे.

मग येतो फिलिया नावाने ओळखला जाणारा काळ, आणि यादीच बदलते. साच्यात पाडलेल्या कच्च्या विटा, अनेक खोल्यांची चौकोनी घरं, लाल घोटीव भांडी, टकळीच्या चकत्या, मागाला टांगायची मातीची वजनं, चुलीवर भांडं टेकवायच्या मातीच्या अडण्या, गाई-बैल, गाढव, नांगर, तांब्याची हत्यारं आणि दागिने, वस्तीबाहेरची दफनस्थानं. यातल्या बऱ्याच गोष्टी आधीच्या थरांत जवळपास नाहीतच, आणि समोरच्या अनातोलियात (म्हणजे आजच्या तुर्कस्तानात) मात्र आधीपासून आहेत. उत्तरेचा किनारा तिथून ७० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे होडीने येणं फार अवघड नाही.

आता वाद. मार्की-अलोनिया हे गाव १९९० च्या दशकात डेव्हिड फ्रँकेल आणि जेनिफर वेब यांनी खणलं आणि त्यांचं म्हणणं साधारण असं की, एखादा सुंदर खंजीर किंवा कानातलं व्यापारात मिळेल, कुणी भेट देईल, पण सूत कसं कातायचं, माग कसा लावायचा, चुलीवर भांडं कसं बसवायचं हे बाजारात विकत मिळत नाही, ते घरात आईशेजारी, आजीशेजारी बसून हाताला लागतं. ज्वारीची भाकरी थापायला नुसतं बघून येते का कुणाला? म्हणजे हा सगळा घरगुती संच एकदम दिसतो तेव्हा आलेली असणार अख्खी कुटुंबं, बायकापोरांसकट, नुसते व्यापारी नाहीत.

उलट बाजूला बर्नार्ड नॅपसारखे अभ्यासक. ते म्हणतात, अहो, अनातोलियाशी संबंध आधीपासूनच होते, किसोनेर्गाच्या शेवटच्या गोल घरांच्या काळातच तिकडच्या धर्तीची भांडी, शिक्के असलं काय काय दिसायला लागतं, तर बेटावरच्याच लोकांनी हवं ते उचललं, आपल्यात मिसळलं, तांब्याच्या व्यापारातून काहींचं वजन वाढलं आणि त्यातून नवी संस्कृती घडली. यातही दम आहे. "परके आले आणि सगळं बदललं" ही गोष्ट इतिहासात जरा जास्तच वेळा सांगितली गेलीय, तेव्हा तिच्याकडे संशयाने बघायलाच हवं.

माझं मत विचाराल तर कुटुंबं आली, हे मला पटतं, कारण चूल आणि माग. पण आली म्हणजे स्वारी करून आली असं नाही, गावंच्या गावं जाळली-लुटली असा पुरावा नाही. मार्कीत सुरुवातीला मोजकीच घरं दिसतात, मग पिढ्यानपिढ्या खोल्या वाढत जातात, अंगण बंदिस्त होतं, भिंती सरकतात. मला यात सगळ्यात मोठा बदल हाच वाटतो. गोल घराला एक खोली जोडायची म्हणजे कटकट, चौकोनी घराला भिंतीला भिंत लावून वाढवता येतं, धान्य आपल्या कोठीत, गाय आपल्या आवारात, शेजाऱ्याला काय आहे-नाही ते दिसत नाही. त्यात बैल आणि नांगर आले की जमिनीत जास्त कष्ट गुंततात, मग ती जमीन कुणाची, बापाची की चुलत्याची, हा प्रश्न आलाच असणार. सायप्रसमधल्याच वूनूस या दफनस्थानी नांगरणीचं मातीचं छोटं मॉडेल मिळालंय, बैलांच्या जोड्या आणि माणसं, आणि ते थडग्यात ठेवलेलं होतं. मेल्यावरही सोबत नांगर हवा वाटला, यावरून त्याला किती मान होता ते कळतं.

आणि जुन्या लोकांचं काय झालं? ते कुठे गायब झाले नाहीत. किसोनेर्गाच्या अगदी वरच्या थरात फिलिया धाटणीची भांडी आहेत, म्हणजे जुन्या गावापर्यंतही नवं पोचलंच. म्हणून "आले" की "बदलले" असा एकच पर्याय निवडा असं कुणी म्हटलं तर मी दोन्ही म्हणेन, फक्त सुरुवात आलेल्यांनी केली एवढं ठामपणे.

प्रश्न : सायप्रसवर गाई फिलिया काळात "परत" आल्या म्हणतात, म्हणजे आधी होत्या? – एक वाचक, सांगली

उत्तर : होत्या ना. सायप्रस जमिनीला कधी जोडलेलं नव्हतं, त्यामुळे तिथे मूळचे मोठे प्राणी म्हणजे बुटके हिप्पो आणि बुटके हत्ती, तेही संपले. पहिल्या शेतकऱ्यांनी होडीतून शेळ्या, मेंढ्या, डुकरं, हरणं आणि गाईसुद्धा आणल्या, शिलुरोकांबोस या बेटावरच्या जुन्या वस्तीत गाईची हाडं मिळतात. मग पुढे गाई नाहीशा होतात आणि हजारो वर्षं बेटावर गाय नाही. फिलिया काळात पुन्हा दिसतात, तेव्हा नांगरासकट.

प्रश्न : पाळीव मांजर पहिल्यांदा इजिप्तमध्ये की सायप्रसमध्ये? घरी पैज लागलीय. – एक वाचक, पुणे

उत्तर : सायप्रसवर लावली असेल तर चहा वसूल करा, पण थोडा जपून. त्याच शिलुरोकांबोसला इ.स.पू. ७५०० च्या सुमाराचं माणसाचं दफन आहे आणि त्यापासून जेमतेम ४० सेंटिमीटरवर साधारण आठ महिन्यांचं मांजर नीट पुरलेलं. २००४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. बेटावर मूळचं मांजर नव्हतंच, म्हणजे कुणीतरी होडीतून आणलं. इजिप्तच्या मांजरांच्या चित्रांपेक्षा आणि ममींपेक्षा हे हजारो वर्षं जुनं. मात्र शरीराने ते रानमांजरासारखंच होतं, म्हणून "माणसाळलेलं" म्हणा, "पाळीव जात" म्हणू नका, नाहीतर समोरचा पैज उलटवेल.

प्रश्न : मुलगा लिमासोलला नोकरीला आहे, उन्हाळ्यात जाणार आहोत. यातलं काय बघता येईल? – एक वाचक, ठाणे

उत्तर : खिरोकितिया नक्की बघा, लिमासोल-निकोसिया हायवेलगतच आहे. इ.स.पू. सातव्या सहस्रकातलं गोल घरांचं गाव, १९९८ पासून युनेस्कोच्या यादीत. पाच घरं जुन्या पद्धतीने पुन्हा बांधून ठेवलीत, आत वाकून जावं लागतं. अवशेष मात्र टेकडीच्या उतारावर आहेत आणि ऊन कडक, तेव्हा सकाळीच जा. पोमोसची मूर्ती आणि लेंबाची बाई (लेंबाला सापडलेली बाईची दगडी मूर्ती) निकोसियाच्या सायप्रस म्युझियममध्ये.