हट्ट नाही हो, आवड आहे ती

नमस्कार,
पत्र दोनदा वाचलं. मुलगी बारावीत, मार्क छान, तिला जिवंत पेशीत सिग्नल कसे फिरतात ते चमकणाऱ्या प्रोटीनने बघायचंय आणि तुम्हाला ती डॉक्टर व्हायला हवीय. मला मार्कांचं काही वाटलं नाही, पण 'आम्ही ठरवलंय' हे चार वेळा आलंय ते टोचलं. तिचं म्हणणं अख्ख्या पत्रात एका ओळीत, तेही 'हट्ट करते' म्हणून! अहो, या वयात बहुतेक मुलं 'सायन्समध्ये काहीतरी' एवढंच सांगतात, हिला नेमका विषय माहितीय आणि तुम्ही त्याला हट्ट म्हणताय. प्रवेश परीक्षा देऊ दे की, फॉर्म वेळेत भरा, त्यावर एवढंच.

आता तुमचा 'पेशींचे फोटो काढून पोट भरतं का' हा प्रश्न. फोटो नाही, मोजमाप आहे ते. १९९७ मध्ये रॉजर त्सिएन, अत्सुशी मियावाकी वगैरे शास्त्रज्ञांनी पेशीतला कॅल्शियमचा सिग्नल दाखवणारा कॅमेलिऑन नावाचा सेन्सर बनवला, त्यात एक निळसर आणि एक पिवळसर चमकणारं प्रोटीन, मध्ये कॅल्शियम पकडणारा तुकडा. कॅल्शियम चिकटलं की तुकडा दुमडतो, दोघं जवळ येतात, निळ्याची ऊर्जा पिवळ्याकडे जाते आणि निळा उजेड कमी, पिवळा जास्त होतो. हा खेळ साधारण १० नॅनोमीटरच्या आतच चालतो, अंतर जरा बदललं की आकडा धाडकन बदलतो, त्यात प्रोटीन उजेडाने फिकं पडत जातं ते वेगळंच. म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, कोडिंग सगळं लागतं, त्सिएन यांचं २००८ चं नोबेलसुद्धा केमिस्ट्रीचं. त्यामुळे 'बायोलॉजीच करायचंय तर गणित सोडते' हे तिचं गणित मात्र साफ चुकलंय, इथे मी तिच्या बाजूने नाही.

तुमची भीती खोटी नाही. पीएचडीत वर्षं जातात आणि पुढची खात्री कुणीच देत नाही. ज्या हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनपासून हे निळे-पिवळे प्रकार निघाले, त्याचं जीन डग्लस प्रॅशर या शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये क्लोन केलं, पुढे ग्रँट मिळेना, आणि त्यावर उभ्या राहिलेल्या कामाला नोबेल जाहीर झालं तेव्हा ते एका कार डीलरची व्हॅन चालवत होते. हे तिला जरूर सांगा, पण धमकी म्हणून नको. आणि डॉक्टरकी मनाविरुद्ध करणंही काही स्वस्तातला सौदा नाही.

गणित सोडायचा अर्ज दिला नसेल तर आधी थांबवा. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि ते न वाचता पाठवा.