मनीला मांडीवर कुणी का घेतलं नाही

प्रिय ईशान,

आजीने व्हॉट्सॲपवर पाठवलेले तीन जुने फोटो बघून तू काल विचारलंस, की तुमच्या मांजरीला कुणीच मांडीवर कसं घेतलेलं नाही, ती आपली प्रत्येक फोटोत कडेला. तुम्हाला ती आवडत नव्हती का? तुझ्या मित्राच्या मांजरीला मायक्रोचिप आहे, निळा पासपोर्ट आहे, वाढदिवसाला तिच्या डोक्यावर टोपी चढते. तेव्हा तुला असं वाटणारच. रात्री तू पेंगुळला होतास, म्हणून लिहूनच ठेवते.

एक तर मांजरीचा म्हणून फोटो काढत नसत. ३६ फोटोंचा रोल, तो धुवायचे पैसे वेगळे. मुंज, डोहाळजेवण, गौरी-गणपती असं काही असलं की आत्याचे यजमान पुण्याहून कॅमेरा घेऊन सांगलीला यायचे आणि सगळ्यांना ओळीत उभं करायचे. मनीला कुणी बोलवायचं नाही, पण ती यायची. मुंजीच्या फोटोत मुंजामुलाच्या पाटामागे जे काळं-पांढरं दिसतंय ना, ती तिची शेपटी.

मनी आली हळदीच्या पेढीवरून. तुझे पणजोबा मार्केट यार्डात दिवाणजी होते. पेढीवर मांजर असायचंच, नाहीतर उंदीर पोती कुरतडणार. तिथल्या मांजरीला पिल्लं झाली, त्यातलं एक त्यांनी कापडी पिशवीत घालून, सायकलच्या हँडलला अडकवून गावभागातल्या वाड्यात आणलं. पिशवी उघडली तर पिल्लाचे पंजे आणि पोट हळदीने पिवळंधमक. ते चाटून चाटून साफ करायला तिला दोन दिवस लागले, असं आजी सांगते. तिचा वाढदिवस मात्र कुणाला विचारू नकोस. तेव्हा पोरांचे वाढदिवससुद्धा एका औक्षणात उरकत.

आता मधला फोटो नीट बघ. गौरी जेवणाचा दिवस आहे. स्वयंपाकघराच्या दारात पणजी उभी आहे, अंगावर सोवळं. तिच्या निऱ्यांना अंग घासत मनी उभी. तिचे डोळे हिरवे चमकतायत, ते फ्लॅशमुळे. मांजरांच्या डोळ्यांत आतल्या पडद्यामागे उजेड परतवणारा एक थर असतो, त्यानेच त्यांना अंधुक उजेडातही दिसतं. आणि उंबऱ्याबाहेर, हाताची घडी घालून, चांगली दोन हात लांब उभी असलेली फ्रॉकमधली मुलगी म्हणजे मी.

मी लांब का, ते सांगते. नैवेद्याचा स्वयंपाक करताना पणजी सोवळ्यात असायची. सकाळी आंघोळ करून, दांडीवर वेगळं वाळत घातलेलं लुगडं काठीने काढून नेसायचं आणि मग नैवेद्य होईपर्यंत कुणाला शिवायचं नाही. नातवंडांनाही नाही. चुकून माझा हात लागला तर ती ओरडायची आणि पुन्हा आंघोळीला जायची. मनीला मात्र सगळं माफ. मांजराला विटाळ नसतो, असं पणजी म्हणायची, आणि ती एकटीच असं म्हणायची असं नाही, जुन्या घरांत तसंच मानत. त्यामुळे पुरण वाटलं जात असताना पाट्याजवळ बसायचा मान फक्त तिचा. मला तिचा भयंकर हेवा वाटायचा.

त्या फोटोत एक माणूस नाही. त्या दिवशी आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी मागच्या दारी होत्या. घासलेली भांडी त्या दाराबाहेर पालथी घालायच्या, आणि पणजी त्यांवर पाणी शिंपडून मगच आत घ्यायची. मनी त्याच दारातून दिवसातून वीस वेळा आतबाहेर करायची. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही. आता हा फोटो बघताना राग येतो, आणि पणजीवर माझा कितीही जीव असला तरी तो कमी होत नाही. महाडच्या चवदार तळ्यावर गुरंढोरं पाणी पिऊ शकत होती आणि दलितांना बंदी होती. तिथे २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह जाऊन पाणी प्यायलं. मराठी माणसांच्या पद्धती काय, असं तू नेहमी विचारतोस. हीही त्यातलीच एक होती. पणजी गेल्यावर आजीने सोवळं बंद केलं, आणि त्या दांडीवर आमचे शाळेचे गणवेश वाळायला लागले.

मांडीचं म्हणशील, तर मनी बोलावून कुणाच्याच मांडीवर आली नाही. पणजोबांनी वर्तमानपत्र पसरलं की नेमकी त्यावर येऊन बसायची, आणि ते तिच्या कडेकडेने अग्रलेख वाचायचे. पणजी दुपारी पानावर बसण्याआधी दगडीत दूधभात कालवायची. मनी कुठे शेजारच्या कौलांवर असली तर हाक मारून, ती येईपर्यंत स्वतः जेवायची नाही.

फोटो इतके कमी का, तर २००५ च्या पुरात कृष्णेचं पाणी वाड्यात शिरलं. अल्बम कपाटाच्या खालच्या खणात होते. प्लॅस्टिकला चिकटलेले फोटो सोडवताना रंगच निघून आला. गौरीच्या फोटोच्या उजवीकडे पांढरा डाग आहे तो त्याचाच. मनी त्याच्या कितीतरी आधी गेली होती. परसातल्या कढीपत्त्याखाली तिला पुरलं.

आणि तिसऱ्या फोटोत ओशाळलेलं तोंड करून उभा आहे तो तुझा काकाआजोबा, माझा धाकटा काका. आदल्या दिवशी मनीने दुधाचं पातेलं लवंडलं म्हणून त्याने तिला चप्पल फेकून मारली होती. मांजर मेलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान द्यावं लागतं, असं पणजीने सांगितलं. पणजोबांनी शांतपणे कानावरची पेन्सिल काढली आणि विचारलं, "किती तोळ्यांचं?" पुढे आठवडाभर काकाच्या वाटणीचं दूध मनी प्यायली. रविवारी फोन लावू तेव्हा त्याला विचार. असं काही झालंच नाही म्हणेल.

तुझी,
आई