स्थानिक वास्तुरचनेमुळे समाज खरंच एकत्र येतो का, की हे आर्किटेक्ट लोकांचं गोड बोलणं आहे?

तुमचा संशय रास्त आहे. स्थानिक वास्तुरचना म्हणजे त्या त्या भागातलं सामान आणि तिथली रीत वापरून केलेलं बांधकाम. तुम्ही विचारलंय, माती-दगड वापरले म्हणून शेजारी शेजाऱ्याशी कसा काय बोलायला लागेल? नाही लागणार. मी आर्किटेक्ट आहे आणि शिकत असताना मीही हेच गोड बोलायचो. ज्युरीसमोर शीट लावायची, त्यावर उतरतं छप्पर, जाळीची भिंत, पुढे बसायला कट्टा, कट्ट्यावर गप्पा मारणारी चार माणसं, आणि खाली ठळक अक्षरांत 'सामाजिक अवकाश'. ती चार माणसं तिथे का बसतील, हे मला एकाही परीक्षकाने विचारलं नाही.

आज विचाराल तर माझं मत असं आहे की समाज घट्ट होतो तो इमारत बांधताना आणि त्याहून जास्त ती टिकवताना. त्या कामासाठी माणसांना एकमेकांची गरज पडत असेल, तरच. दिसायला ती कितीही 'इथली' असो, कंत्राटदार येऊन किल्ली हातात देऊन गेला तर तिच्यात आणि काचेच्या टॉवरमध्ये या बाबतीत फारसा फरक नाही.

माली देशातल्या जेने शहरातली मशीद बघा. आजची इमारत 1907 ची, सगळी मातीची, जगातल्या सर्वांत मोठ्या मातीच्या इमारतींपैकी एक. पावसाने माती धुपते, म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी तिला नवा गिलावा करावा लागतो. चिखल आधी कित्येक दिवस खड्ड्यांत कुजवत ठेवतात, त्यात भाताचा कोंडा घालतात. ठरलेल्या दिवशी पोरं टोपल्या भरभरून चिखल आणतात, बायका-मुली पाणी आणतात, गवंडी भिंतीवर चढून हाताने लिंपत जातात, आणि वेगवेगळ्या आळ्यांमध्ये कोण आधी पूर्ण करतं याची शर्यत लागते. भिंतींतून बाहेर डोकावणारे लाकडी वासे फोटोत नक्षीसारखे दिसतात. प्रत्यक्षात ती कायमची परांची आहे, गवंड्याला पाय ठेवायला. म्हणजे दरवर्षी आपली डागडुजी होणार, हे त्या इमारतीने बांधतानाच गृहीत धरलंय.

आता कल्पना करा, कुणी शहाण्याने तिला सिमेंटचा गिलावा केला. मातीच्या भिंतीवर तो नीट धरत नाही, आत ओल कोंडते, भिंत आतून भुसभुशीत होते, तो तांत्रिक भाग सोडून देऊ. समजा धरला. मग दरवर्षीचं काम वाचलं, आणि सगळं शहर एका दिवशी एका भिंतीपाशी जमण्याचं कारणही गेलं. गवंड्याच्या पोराला बापाच्या मागे वर चढून हात बसवायला मिळायचा, तेही गेलं. आम्ही ज्याला 'कमी देखभालीची इमारत' म्हणून विकतो, तिची ही बाजू आमच्या अंदाजपत्रकात कुठेच येत नाही.

जपानमधल्या शिराकावा-गो या डोंगरातल्या वस्तीत बर्फ घसरून पडावा म्हणून घरांना साठेक अंशांची उभी गवती छपरं आहेत. एक छप्पर तीस-चाळीस वर्षांनी नव्याने शाकारावं लागतं आणि ते एका कुटुंबाच्या आवाक्यातलं काम नाही. शे-दोनशे माणसं एक-दोन दिवसांत ते उरकतात. आज तुझं, पुढे कधीतरी माझं. तिथे याला 'युई' म्हणतात, मराठीत 'सावड' हा शब्द आहेच. पण छपराखाली रेशमाचे किडे पाळायचा धंदा संपला, माणसं कमी झाली, आणि आता बरंचसं काम पैसे देऊन कारागिरांकडून आणि बाहेरच्या स्वयंसेवकांकडून करून घ्यावं लागतं. छपराचा आकार तसाच आहे, सावड मात्र पातळ झाली. सगळं श्रेय इमारतीला द्यायला मी कचरतो, ते यामुळे.

नवीन बांधकामात हे जमतं का, असा तुमचा पुढचा प्रश्न होता. जमतं. माझं आवडतं उदाहरण बुर्किना फासोमधल्या गांडो गावची शाळा, 2001 ची. आर्किटेक्ट फ्रान्सिस केरे त्याच गावचे. बर्लिनला शिकत असताना त्यांनी शाळेसाठी पैसे जमवायला सुरुवात केली. गावाला वाटलं, युरोपात शिकलेला पोरगा आता काँक्रीटची, काचेची शाळा बांधणार. आणि हा म्हणतो, मातीची बांधू! लोक खट्टू झाले. मातीची घरं दर पावसात ढासळताना त्यांनी आयुष्यभर बघितली होती, त्यांचं काय चुकलं? केरेंना आधी त्यांची समजूत घालावी लागली.

शाळेची रचना साधी पण डोकं लावून केलेली आहे. मातीत थोडं सिमेंट मिसळून दाबून केलेल्या विटा, म्हणजे त्या पावसात विरघळत नाहीत. वर्गावर विटांचंच छत, त्याला हवा खेळायला फटी, आणि त्याच्या बरंच वर, सळ्या जोडून केलेल्या हलक्या सांगाड्यावर पत्रा. पत्रा तापतो, पण त्याच्या आणि छताच्या मधून वारा वाहतो, वर्गातली गरम हवा वर निघून जाते. वीज नसलेल्या गावात हाच पंखा. पायासाठी मुलांनी दगड वाहून आणले, बायकांनी जमीन चोपून गुळगुळीत केली. सळ्या कापायला आणि जोडायला शिकलेली गावातली माणसं पुढे दुसरीकडच्या बांधकामांवर मजुरीला जाऊ लागली. शाळा वाढवायची वेळ आली तेव्हा कसं बांधायचं हे गावाला ठाऊक होतं. केरेंना 2022 मध्ये प्रित्झ्कर हा वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार मिळाला, तो मोठाच आहे. पण विचारलंत तर गावात राहिलेलं हे कसब मला त्याहून मोलाचं वाटतं.

रवांडातल्या बुटारो रुग्णालयाचंही (2011) असंच. तिथल्या शेतांत ज्वालामुखीचा काळा दगड पडलेला असतो, शेतकऱ्याला तो अडचणच. तोच घडवून भिंती उभ्या केल्या, आणि पायाची खोदाई यंत्राऐवजी माणसांनी केली, म्हणजे खर्चाचा मोठा वाटा मजुरी म्हणून त्याच भागात राहिला.

आता फसलेलं उदाहरण सांगतो, कारण त्याने मला सर्वांत जास्त शिकवलं. इजिप्तमध्ये लक्सरजवळ गुर्ना गावचे लोक प्राचीन थडग्यांच्या परिसरातच राहायचे, आणि थडग्यांतल्या वस्तू बाजारात जायच्या. 1945 मध्ये पुरातत्त्व खात्याने त्यांच्यासाठी नवं गाव बांधायचं काम इजिप्तचेच आर्किटेक्ट हसन फाती यांना दिलं. फातींनी दक्षिणेकडच्या नुबिया भागातून गवंडी बोलावले, जे लाकडी साच्याशिवाय मातीच्या विटांची कमान उभी करतात: पहिला थर मागच्या भिंतीला तिरका टेकवायचा, दुसरा पहिल्यावर, असं पुढे सरकत जायचं. लाकूड दुर्मीळ आणि महाग, तिथे सेंटरिंग, म्हणजे कमानीला खालून आधार देणारा तो साचाच नको. घराघरात चौक, घुमट, मशीद, नाट्यगृह, बाजार. इतकं सुंदर, इतकं 'स्थानिक' काम त्या काळात क्वचितच झालं असेल.

आणि लोक गेलेच नाहीत! थडग्यांपाशी, पर्यटकांवर त्यांचं पोट होतं; ते सोडून जा असं सांगणारं ते गाव होतं. शिवाय घुमट थडग्यावर असतो, घरावर कशाला, अशीही कुरकुर होती. गावाचा थोडाच भाग बांधून झाला आणि काम थांबलं. फातींचा हेतू शंभर टक्के चांगला होता. पण 'हलायचं की नाही' हा प्रश्न गावाला कुणी विचारलाच नव्हता, आणि त्याचं उत्तर कमानीत सापडणार नव्हतं.

याच्या अगदी उलट चिलीमधल्या इकीके शहरातली किंता मोनरॉय वस्ती, 2004 ची. मातीबिती काही नाही, साधे काँक्रीटचे ब्लॉक. शहराच्या मध्यावर अर्ध्या हेक्टरवर तीस वर्षं झोपड्या टाकून राहिलेली सुमारे 100 कुटुंबं. सरकारी अनुदान घरटी 7,500 डॉलर, त्यातच जागा आली आणि बांधकामही. एवढ्यात पूर्ण घर हवं तर शहराबाहेर, स्वस्त जागेत जावं लागलं असतं. आर्किटेक्ट आलेहांद्रो आरावेना आणि त्यांच्या गटाने लोकांबरोबर बसून ठरवलं की जागा सोडायची नाही. त्याऐवजी अर्धंच घर बांधायचं. स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिना, मधल्या भिंती, म्हणजे एकट्या कुटुंबाला अवघड जाणारा भाग सरकारी पैशातून. शेजारची रिकामी चौकट ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे भरायची. घरं सामाईक चौकांभोवती, प्रत्येक चौकाला वीसेक कुटुंबं. नोकरी, शाळा, ओळखीपाळखी जागच्या जागी राहिल्या. दिसायला ती वस्ती ठिगळं लावल्यासारखी दिसते, मासिकाच्या मुखपृष्ठावर शोभणार नाही. तरी स्थानिक वास्तुरचनेचं उदाहरण म्हणून मी गुर्नाच्या आधी तिचंच नाव घेईन.

एक-दोन गोष्टी आमच्या व्यवसायात कमी बोलल्या जातात. 'सगळं गाव कामाला लागलं' असं वाचलं की मी विचारतो, मजुरी कुणाला मिळाली आणि फुकट पाणी कुणी वाहिलं? बहुतेकदा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बायका असं येतं. ज्या वस्तीत आधीच काहींना पंक्तीबाहेर बसवलं जातं, तिथे श्रमदानही तीच पंगत पुन्हा मांडतं. दुसरं म्हणजे जपणुकीचा अतिरेक. जेने 1988 मध्ये जागतिक वारसा यादीत आलं, आणि नंतर तिथल्या रहिवाशांची तक्रार अशी की स्वतःच्या घरात फरशी बसवायची तरी नियम आडवे येतात. मातीच्या जमिनीवर राहण्याचं कौतुक बहुधा फरशीवर राहणाराच करतो.

शेवटी तुमचा सिमेंटचा प्रश्न: वापरायचंच नाही का? वापरा की. गांडोच्या विटांतही आहेच. तुम्ही वाचनालयाचा प्रोजेक्ट करताय असं लिहिलंय, म्हणून एक सुचवतो. रेखाटन सुरू करण्याआधी त्या भागात घरं बांधणारा एखादा गवंडी गाठा आणि त्याला तीन गोष्टी विचारा: दहा वर्षांनी याचं छप्पर गळलं तर तू दुरुस्त करू शकशील का, सामान कुठून आणशील, आणि तुझे पैसे कोण देईल. तिसऱ्या प्रश्नाला तो हसला, तर नकाशाच्या आधी वाचनालयाची समिती कोण चालवणार ते शोधायला लागा.