क्यूजीआयएस प्लगइनच्या प्रकल्पात पहिल्यांदाच योगदान देणाऱ्या मुलीचं स्वागत कसं करावं?

तुम्ही विचारलंय की तुमच्या प्लगइनच्या (क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामच्या) रिपोवर, म्हणजे कोड ठेवायच्या सामायिक जागेवर, कॉलेजातल्या एका मुलीने पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधला बदल स्वीकारण्याची विनंती, टाकली आहे, तर स्वागताचा संदेश कसा लिहावा आणि त्यात काय काय असावं. संदेशाचं नंतर बघू. तिची रिक्वेस्ट किती दिवस पडून आहे, ते आधी सांगा.

हे जरा तावातावाने लिहितेय, कारण त्या मुलीच्या जागी मी होते.

२०१६ साली मी यवतमाळ जिल्ह्यात पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत होते. दिवसभर गावात फिरून विहिरी, शेततळी, नाल्यावरचे बांध जीपीएसवर नोंदवायचे आणि संध्याकाळी क्यूजीआयएसमध्ये नकाशे करायचे. नकाशे ग्रामसभेत लागायचे, म्हणून तक्त्यांचे रकाने मराठीत. एक्सेलमधला कुठला रकाना नकाशातल्या कुठल्या रकान्यात जायचा, हे जुळवून शेपफाईल, म्हणजे नकाशाची फाईल, तयार करणारं एक प्लगइन आम्ही वापरायचो. कामाचं होतं, पण मराठी नावं फोडायचं.

का फोडायचं, ते सांगते. शेपफाईलच्या डीबीएफमध्ये, म्हणजे तिच्या तक्त्याच्या भागात, रकान्याच्या नावाला जागा १० बाइटची. इंग्रजीत सरळ दहा अक्षरं बसतात. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत आपलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना आणि वेलांटीसुद्धा. 'गाव' म्हणजे ग, काना, व, झाले ९ बाइट, बसलं. 'तालुका'चं मात्र 'ताल' उरतं, आणि ते प्लगइन बरोबर दहाव्या बाइटवर कात्री लावायचं, त्यामुळे पुढच्या उकाराचा एक तुकडा तसाच चिकटून राहायचा आणि नावाचा कचरा व्हायचा. एवढ्यावरही भागलं असतं. पण आमच्याकडे 'विहीर' आणि 'विहिरीची खोली' असे दोन रकाने होते. दोन्हींचं 'विह' व्हायचं आणि दुसरा पहिल्याच्या जागी जाऊन बसायचा. एका ग्रामसभेत भिंतीवर लावलेल्या नकाशात 'मारुतीची विहीर' असायला हवं होतं तिथे '११.५' छापलेलं, आणि एक आजोबा बोट ठेवून विचारत होते, "बाई, आमची विहीर कुठं गेली?"

त्या रात्रीपासून मी प्लगइनचा कोड उघडून बसले. पायथन तेव्हा मला जेमतेम यायचं. तीन रात्री गेल्या. नऊ ओळींचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, झाला: नाव चिन्ह न तोडता कापायचं, आणि दोन नावं सारखी झाली तर पुढे आकडा लावायचा. सोबत माझा तक्ता जोडला, गोंधळलेल्या नकाशाचा फोटो जोडला. इंग्रजी दहा वेळा वाचून पाठवलं.

पाच आठवड्यांनी मेंटेनरकडून, म्हणजे ते प्लगइन सांभाळणाऱ्याकडून, दोन ओळींचं उत्तर आलं. रकान्यांची नावं इंग्रजीत ठेवा, आणि पुढच्या वेळी नियमावली वाचून या. रिक्वेस्ट बंद. माझ्या एडिटरने टॅबच्या जागी स्पेस टाकल्यामुळे अख्खी फाईल बदललेली दिसत होती, हे मला नंतर एका तिऱ्हाईताने सांगितलं. त्या नऊ ओळी मेंटेनरने वाचल्याच नसणार. मी दोन वर्षं कुठल्याही रिपोकडे फिरकले नाही.

आमच्या टीमचे प्रमुख, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, तेव्हा म्हणाले होते, "तो माणूस फुकटात काम करतो, त्याने काय येईल त्याला चहा पाजत बसायचं?" हा वाद आमच्यात कैक वर्षं चालला. फुकटात काम करतो, हे मला मान्यच आहे. पण त्या प्रकल्पात देवनागरीत रकाने लिहिणारं दुसरं कोणी नव्हतं. जिथे दुखतंय ते दाखवणारा एकच माणूस दारात आला आणि त्याला टॅब-स्पेसवरून परत पाठवलं. वेळ वाचवणं कसलं ते! क्यूजीआयएस २००२मध्ये गॅरी शर्मन यांनी सुरू केलं. त्यांच्यानंतर आलेला प्रत्येक जण एके दिवशी तिथे नवखाच होता.

पुढे २०१९मध्ये आम्ही क्यूजीआयएस ३साठी आमचंच छोटं प्लगइन लिहिलं आणि त्याची जबाबदारी माझ्याकडे आली. पुसदच्या एका मुलाने पॅच पाठवला. सर्व्हेअरकडून मीटरमध्ये आलेली मोजणी थेट नकाशावर टाकणारा, चांगला लिहिलेला. फक्त झोन, म्हणजे ती मोजणी रेखांशांच्या कुठल्या पट्ट्यातली ते, त्याने सरसकट ४३ उत्तर धरलेला. पुसद ४३मध्ये येतं, पण ७८ रेखांशाच्या पुढे ४४ सुरू होतो आणि आमचा जिल्हा त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलाय. त्याचा पॅच लावला तर पांढरकवड्याच्या विहिरी सव्वासहाशे किलोमीटर पश्चिमेला, डहाणूसमोर अरबी समुद्रात जाऊन पडत होत्या.

दादा म्हणाले, "तूच दुरुस्त कर ना, पाच मिनिटांचं काम." खरंच पाच मिनिटांचं होतं. मी केलं नाही. त्याच संध्याकाळी त्याला लिहिलं: "पॅच चालवून पाहिला. पुसदचे बिंदू जागच्या जागी आले, छान वाटलं. पांढरकवड्याचा तक्ता सोबत देतेय, तो टाकून बघ आणि काय दिसतं ते सांग. फाईलमधल्या स्पेस मी नीट करते, त्यात तू वेळ घालवू नको." दुसऱ्या दिवशी त्याचा नुसता फोटो आला, निळ्या समुद्रात लाल ठिपके. चौथ्या दिवशी नवीन पॅच. बिंदू जिल्ह्याच्या सीमेबाहेर पडला की प्लगइन थांबतं आणि कुठला झोन ते विचारतं. हे माझ्या डोक्यात नव्हतं. मी पाच मिनिटांत जी दुरुस्ती केली असती, ती पुढच्या तक्त्याला पुन्हा अडकली असती.

तर तुमचा संदेश. तिचा कोड स्वतः चालवा आणि काय दिसलं ते लिहा. त्याशिवायचं 'स्वागत आहे' तिच्या काही कामाचं नाही. एका वेळी एकच प्रश्न विचारा, चौदा शेरे मारू नका. तिने स्वतःची अडचण घेऊन पॅच आणला असेल, तर "आधी हे सोपं स्पेलिंग दुरुस्त कर" म्हणून तिला दुसरीकडे वळवू नका. या आठवड्यात वेळ नसेल तर तसं सांगा आणि तारीख द्या, ती पाळा. नकार द्यायचा असेल तर बेलाशक द्या, पण लवकर द्या आणि कारण द्या. रकान्यांचा प्रश्न आज शेपफाईलऐवजी जिओपॅकेज हा फाईलचा प्रकार वापरला की मिटतो. त्या मेंटेनरने तेव्हा एवढं जरी सुचवलं असतं, तरी मी आनंदाने परत गेले असते.

एक सांगायचं राहिलं. स्वागत म्हणजे रिपोच्या किल्ल्या हातात देणं नव्हे. २०२४च्या मार्चमध्ये उघड झालेलं एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या मुक्त प्रोग्रामचं प्रकरण तुम्हाला ठाऊक असेलच. दोनेक वर्षं नेमाने मदत करून विश्वास कमावलेल्या खात्यानेच त्यात चोरदरवाजा बसवला होता. पॅच कोणाचाही असो, ओळ न ओळ वाचून मगच मूळ कोडमध्ये मर्ज करा, आणि कमिटचे, म्हणजे थेट कोड बदलण्याचे, अधिकार सावकाश द्या. प्लगइन खूप मोठं असेल, रोज पन्नास रिक्वेस्ट येत असतील, तर माझं हे सगळं तसंच लागू होणार नाही, हेही खरं.

पुसदचा तो मुलगा आता आमच्या प्लगइनवर येणारे पॅच तपासतो. दादा निवृत्त झालेत. गेल्या दिवाळीत त्यांचा फोन आला होता, त्यांच्या गावच्या शेततळ्यांचा नकाशा हवा होता. मी त्यांना त्याचाच नंबर दिला.