हृदयातल्या छिद्राच्या ऑपरेशननंतर मुलाचा श्वास जोरात चालतो, हे साहजिक आहे का?

ताई, मुलगा तीन वर्षांचा, ऑपरेशनला बारा दिवस झाले, घरी आल्यापासून श्वास जोरात चालतो आणि सासूबाई म्हणतात पांघरून निजवून ठेवा, असं तुम्ही लिहिलंय. साहजिक समजून थांबू नका. तो झोपला की सदरा वर करा आणि घड्याळ पाहत पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजा. एक ते पाच वर्षांच्या लेकराचा श्वास 40 किंवा त्याहून जास्त भरला, तर आजच डॉक्टरांना दाखवा. फासळ्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा त्याने खाणंपिणं सोडलं असेल, तर लगेच 108 ला फोन करा.

मी डॉक्टर नाही, यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातली एक आई आहे. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकाला माझ्या पोरीच्या छातीतला आवाज ऐकू आला आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून नागपूरला तिचं ऑपरेशन मोफत झालं. तेव्हा ती चार वर्षांची होती. मला वाटलं, छिद्र बुजलं, आता काळजी मिटली. तिसऱ्या दिवशी डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग मिटून गेला होता.

तिथल्या डॉक्टरांनी समजावलं ते असं. छिद्रातून जास्तीचं रक्त वर्षानुवर्षं फुप्फुसांकडे जात असतं, त्यामुळे ती आधीच भारावलेली असतात. ऑपरेशनमध्ये मशीनवर असताना त्यांत हवा नीट खेळत नाही. नंतर टाके दुखतात म्हणून लेकरू खोकत नाही, खोल श्वास घेत नाही. कफ बारीक नळ्यांत अडकतो आणि तेवढा भाग मिटतो, त्यात न्यूमोनियाही होऊ शकतो. म्हणून निजवून ठेवू नका. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर बसवा, हळूहळू चालवा. श्वास आत ओढून तीन छोटे चेंडू वर उचलायचं व्यायामाचं यंत्र माझ्या पोरीला जमेना, तर फिजिओथेरपीच्या बाईंनी पेल्यातल्या पाण्यात नळीने बुडबुडे काढायला लावले. ते ती तासन्‌तास करायची.

घरी आल्यावर आठव्या दिवशी पुन्हा धाप. जवळच्या दवाखान्यात खोकल्याचं औषध मिळालं, चार दिवस गेले. ते चार दिवस मला आजही सलतात. मोजलं तर झोपेत 52. नागपूरला सोनोग्राफीत फुप्फुसाभोवती पाणी निघालं, नळी टाकून काढावं लागलं. शेजारच्या खाटेवरच्या बाळाच्या नळीतून दुधासारखं पांढरं पाणी यायचं. अन्नातली चरबी वाहून नेणाऱ्या छातीतल्या नळीला इजा झाली की तसं होतं. त्याला काही आठवडे साधं दूध-तेल बंद करून वेगळा आहार दिला होता.

घरात चूल असेल तर लेकरू त्या खोलीत नकोच. पऱ्हाट्यांचा धूर फार वाईट, मी दोन महिने अंगणात स्वयंपाक केला. काखेत धरून उचलू नका, छातीचं हाड जुळायला दीडदोन महिने लागतात. एक हात मानेमागे, एक बुडाखाली. आणि कोणी कितीही सांगितलं तरी छातीला बिब्बा लावू देऊ नका. सासूबाईंना दोष देऊ नका, त्यांना मोजायला शिकवा. माझ्या सासूबाई रात्रीचं मोजायच्या.

निघताना डिस्चार्ज कार्ड आणि वेळेसकट मोजलेले आकडे सोबत घ्या. ऑपरेशन जिथे झालं तिथे आत्ताच फोन करून हे आकडे सांगा. मोजून झालं की इथे लिहा, मी पाहतेच आहे.